तीन हजारांचे खेळणे आणि मालकीचा प्रश्न

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे वरवर पाहता किरकोळ वाटावा असा एक विषय आला. बालविभागाच्या निधीतून काही रक्कम शिल्लक राहिली होती. तिच्यातून मुलांसाठी हातात धरून खेळायची पाच गेमयंत्रे घ्यावीत, अशी सूचना दोन तरुण कार्यकर्त्यांनी मांडली. एका यंत्राची किंमत तीन हजारांच्या आसपास. त्यात पंचवीस-तीस, किंबहुना चाळीस वर्षांपूर्वीचे हजारो व्हिडिओ गेम चालतात. विषयपत्रिकेवरचा हा शेवटचा विषय दहा मिनिटांत निकालात निघेल अशी सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात चर्चा अडीच तास चालली, निर्णय झाला नाही, आणि 'एक यंत्र महिनाभर वापरून पाहा व लेखी मत द्या' अशी कामगिरी माझ्या गळ्यात पडली.

ते मत मी कार्यकारिणीला दिले आहे. परंतु त्या अडीच तासांत जे युक्तिवाद ऐकले, ते एका वाचनालयापुरते मर्यादित नव्हते. एका ज्येष्ठ साथींचे म्हणणे असे की, ही वेळ मारून नेण्याची साधने आहेत. आपल्या चळवळीने त्यांच्यामागे लागणे म्हणजे बाजाराला शरण जाणे होय. वकिली करणाऱ्या दुसऱ्या एका सभासदांनी सांगितले की, हा सरळसरळ चोरीचा माल आहे आणि सार्वजनिक संस्थेने त्याला हातही लावू नये. आणि सूचना मांडणारे तरुण मित्र हिरीरीने म्हणत होते, "तीन हजारांत दहा हजार खेळ! गरिबाच्या मुलाला श्रीमंताच्या मुलाइतकेच मिळते. याहून अधिक समाजवादी गोष्ट कोणती?"

या तिन्ही भूमिका मला अपुऱ्या वाटतात. आणि तिसरी, जी आपल्या मनाला सर्वांत जवळची, ती सर्वांत फसवी वाटते. म्हणून हा प्रपंच.

यंत्र आणि त्यातील विद्या

आधी वस्तू नीट समजून घेतली पाहिजे. जुन्या गेमयंत्राची हुबेहूब नक्कल नव्या यंत्राच्या आत वठवणाऱ्या सॉफ्टवेअरला एम्युलेटर म्हणतात. जुन्या चिपला दिलेली प्रत्येक आज्ञा तो वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि नव्या चिपकडून तेच काम करवून घेतो. चित्र, आवाज आणि बटणे यांचा मेळही त्यानेच घालायचा असतो. सेकंदाला सुमारे साठ चित्रे पडद्यावर उमटायची, तर प्रत्येक चित्रासाठी सेकंदाच्या साठाव्या भागाहून अधिक वेळ मिळत नाही. दुभाष्याने वक्त्याच्या मागे न पडता बोलत राहावे, तसे हे काम आहे.

१९८९ साली आलेल्या 'गेमबॉय'ची चिप सेकंदाला सुमारे ४२ लाख ठोक्यांची होती. आजच्या स्वस्त यंत्रातील चिप अब्जावर ठोक्यांची असते, तीही चार गाभ्यांची. तेव्हा ही नक्कल सहज जमावी असे वाटेल. परंतु अचूकतेची किंमत मोठी आहे. १९९० सालच्या 'सुपर फॅमिकॉम'ची मुख्य चिप ३६ लाख ठोक्यांच्या आतली. पण तिची बारकाव्यानिशी तंतोतंत नक्कल करायला तीन अब्ज ठोक्यांचा संगणक लागतो, असे 'बायू' या टोपणनावाने काम करणाऱ्या एका एम्युलेटरकाराने २०११ साली सविस्तर लिहून दाखवले होते. स्वस्त यंत्रातील एम्युलेटर म्हणूनच थोडी तडजोड करतात. बहुतेक खेळांत ती जाणवत नाही. काहींत आवाज फाटतो, काहींत चित्र अडखळते.

या विद्येचा इतिहास आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. गेमबॉयच्या जन्मामागचे गुनपेई योकोई १९६५ साली निन्टेन्डो कंपनीत आले, तेव्हा ही कंपनी पत्ते छापत असे आणि योकोईंचे काम पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करणे हे होते. चमकदार नव्या तंत्रज्ञानाच्या मागे धावू नये. जे तंत्र जुने झाले, स्वस्त झाले आणि ज्याचे गुणदोष पूर्ण कळले, त्याचाच अनपेक्षित उपयोग करावा, हे त्यांचे सूत्र. रंग नसलेला, चार साध्या सेलवर चालणारा गेमबॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून जगभर जवळजवळ ११ कोटी ८७ लाख यंत्रे खपली. आज जी स्वस्त यंत्रे आपल्यापुढे आहेत ती याच सूत्राची अपत्ये आहेत. या किमतीच्या अनेक यंत्रांत असणारी रॉकचिप कंपनीची आर.के. ३३२६ ही चिप काही नवलाईची नाही. दक्षिण कोरियातील हार्डकर्नल या छोट्या कंपनीने २०२० च्या सुमारास हौशी मंडळींसाठी काढलेल्या यंत्रात ती होती. त्या मंडळींनी तिच्यावर सॉफ्टवेअर बसवले, ते जगाला मोकळे करून दिले, आणि त्याच पायावर पुढे चीनमधील कारखान्यांनी आपली स्वस्त यंत्रे उभी केली.

महिनाभराचा अनुभव

माझ्याकडे आलेले यंत्र कोणत्या कारखान्याचे हे मी सांगत नाही, कारण प्रश्न एका कारखान्याचा नाही. साडेतीन इंची पडदा, ६४० बाय ४८० ठिपक्यांचा. हे माप समजून-उमजून निवडलेले आहे. जुने खेळ चारास तीन या प्रमाणाच्या दूरदर्शन संचासाठी बनलेले, म्हणून ते पडदा पूर्ण व्यापतात. आणि गेमबॉयचे १६० बाय १४४ ठिपके बरोबर तिपटीने वाढवले की ४८० बाय ४३२ होऊन स्वच्छ, न चिरडता बसतात. पडदा उन्हात फिका पडतो, खोलीत उत्तम दिसतो. दिशेचे बटण चांगले आहे. या प्रकारच्या यंत्रात सर्वाधिक महत्त्वाचे तेच, कारण जुने खेळ अंगठ्याच्या अचूकतेवर चालतात. आवाज एकाच कर्ण्यातून येतो आणि पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो.

१९८० च्या दशकातील खेळ आणि गेमबॉयच्या सर्व पिढ्यांचे खेळ निर्दोष चालले. १९९४ सालच्या 'प्लेस्टेशन'चे बहुतेक चालले. १९९६ च्या 'निन्टेन्डो ६४'चे निम्मे धापा टाकत चालले. तेव्हा विक्रेत्याच्या जाहिरातीत शेवटच्या ओळीत ज्या यंत्रांची नावे असतात, ती वाचणाऱ्याने नसल्यासारखीच समजावीत.

आता दोष. यंत्रासोबत आलेले साठवणीचे कार्ड अकराव्या दिवशी बिघडले. आठ दिवस चिकाटीने खेळून एका मुलीने जिथवर मजल मारली होती, ते सारे पुसले गेले. ती रडली नाही, पण पुन्हा आलीही नाही. तिला परत आणायला मला तिच्या घरी जावे लागले. अशा यंत्रांच्या जाणकारांत 'सोबतचे कार्ड पहिल्याच दिवशी बदला' हा सल्ला सर्वमान्य आहे. तो सर्वमान्य असूनही कारखाने चांगले कार्ड देत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. दुसरे असे की, अशा अनेक यंत्रांना दोन्ही टोके सारखी असलेल्या नव्या केबलने भार घेता येत नाही. आतील दोन क्षुल्लक घटक वाचवल्यामुळे जुन्या चपट्या टोकाची केबल शोधावी लागते. तिसरे असे की, लोकप्रिय यंत्राच्या नकला निघतात आणि नकलेच्याही नकला निघतात. बाहेरून सारखे दिसणारे दोन संच आतून वेगळे असतात आणि एकाचे सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चढत नाही. चौथे असे की, २०१२ च्या आदेशाने आपल्याकडे व्हिडिओ गेम यंत्रांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची झाली. पण कुरिअरने येणाऱ्या अनेक संचांवर ते चिन्हच नसते. लिथियमची बॅटरी मुलाच्या हातात द्यायची असेल, तर ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

गुण मात्र दोन मोठे आहेत. पाठीमागचे स्क्रू काढले की यंत्र उघडते, बॅटरी डिंकाने चिकटवलेली नसून खटक्याने जोडलेली आहे, आणि आमच्या वस्तीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी बटणाखालचे रबर अर्ध्या तासात साफ करून दिले. ज्या काळात शंभरपट महाग वस्तूही उघडता येऊ नये अशा बेताने जुळवली जाते, त्या काळात हा गुण मी फार मोठा मानतो. दुसरा गुण पुढील आक्षेपाच्या ओघात येईल.

वेळ मारून नेण्याचे साधन?

आमच्या ज्येष्ठ साथींचा आक्षेप आदराने ऐकला पाहिजे, परंतु मान्य करता येत नाही. खेळ हा चळवळीला परका कधीच नव्हता. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर कवायतीइतकेच खेळाला स्थान होते, कारण मुले उपदेशाने जवळ येत नाहीत, खेळाने येतात, हे त्या पिढीला ठाऊक होते. आक्षेप खेळाला नसून पडद्याला आहे असे कोणी म्हणेल. पण पडदा तर घरोघर पोचलाच आहे. वस्तीतील मूल आज आईच्या मोबाइलवर खेळते, आणि तो खेळ कसा असतो? तो फुकट असतो आणि संपत नाही. दर दोन मिनिटांनी जाहिरात येते, दर पायरीला काहीतरी विकत घ्यायचे आमिष येते, आणि खेळणारा निघून गेला तर त्याला परत बोलावणारी सूचना येते. खेळाच्या नावाखाली मुलाचे लक्ष विकले जाते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी तर घरे अशी पोखरली की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला.

याउलट जुना खेळ इंटरनेट मागत नाही. त्याला जाहिरात माहीत नाही. तो खेळाडूची माहिती कोणाला कळवत नाही. आणि तो संपतो! खेळ संपतो, मूल यंत्र खाली ठेवते आणि उठते, हे मी महिनाभर पाहिले. हाच तो दुसरा मोठा गुण.

पण जुन्याचे गोडवे गाताना आंधळे होऊ नये. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी लिहिलेले १९८० च्या दशकातील कितीतरी खेळ मुद्दाम अवघड केलेले आहेत, कारण खेळाडू लवकर मेला तरच दुसरे नाणे पडणार. कित्येकांत बंदूक हेच एकमेव साधन आणि परका माणूस हाच एकमेव शत्रू. तेव्हा पुस्तके निवडतो तसे खेळही निवडावेच लागतील. निवडीचे कष्ट टाळण्यासाठी सगळेच नाकारणे हा सोपा मार्ग आहे. तो मार्ग स्वीकारला तर मुलांची निवड बाजार करणार, एवढाच त्याचा अर्थ.

चोर कोण?

आता वकील मित्रांचा आक्षेप. कायद्याचे अक्षर त्यांच्या बाजूला आहे हे मी मान्य करतो. कार्डात भरून विकलेले हजारो खेळ हक्कदारांच्या परवानगीवाचून आलेले असतात, यात शंका नाही. एम्युलेटर स्वतः मात्र बेकायदा नाही. 'कनेक्टिक्स' या छोट्या कंपनीच्या एम्युलेटरविरुद्ध सोनीने लढवलेल्या खटल्यात अमेरिकेच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयाने २००० साली सोनीच्या विरुद्ध कौल दिला. आपल्याही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात, प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास ती नष्ट होण्याच्या भयापोटी राखीव प्रत करण्याची, आणि वेगळे प्रोग्रॅम एकमेकांशी जुळावेत यासाठी आवश्यक ती माहिती मिळवण्याची मुभा दिलेली आहे.

परंतु कायद्याचे अक्षर संपते तेथे आपला प्रश्न सुरू होतो. हा हक्क कोणाच्या नावाने मागितला जातो? निर्मात्याच्या. आणि निर्मात्याला या धंद्याने कसे वागवले? १९७० च्या दशकाच्या अखेरीस अटारी कंपनी आपल्या खेळांवर ते लिहिणाऱ्यांची नावे छापत नसे. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने आपल्या 'ॲडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली केली आणि तीत स्वतःचे नाव दडवून ठेवले. मालकाला न सांगता, कारण सांगितले असते तर ते पुसले गेले असते. याच कंपनीतील चार प्रोग्रॅमर नाव आणि मोबदला या दोन्ही कारणांनी बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी ॲक्टिव्हिजन स्थापन केली. जपानमधील कितीतरी खेळांच्या शेवटी दिसणारी नावे टोपणनावे आहेत. ज्या मालकांनी निर्मात्याचे नाव भिंतीआड लपवायला लावले, तेच आज निर्मात्याच्या हक्काचे पालक म्हणून उभे राहतात, तेव्हा आपण त्यांना प्रश्न विचारलाच पाहिजे.

बरे, या पालकांनी कृती जपल्या आहेत काय? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात कोणत्याही रीतसर मार्गाने मिळत नाहीत. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेन्डोने आपल्या दोन यंत्रांचे ऑनलाइन दुकान बंद केले आणि केवळ तेथेच मिळणारे खेळ त्या दिवसापासून विकत घेणे अशक्य झाले. १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अमेरिकी कायद्याप्रमाणे २०८० अखेरपर्यंत मालकीच्या कुलपात राहील. ग्रंथालयांना निदान संशोधकांसाठी तरी हे खेळ दुरून उपलब्ध करून देऊ द्या, अशी मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयापुढे आली. धंद्याच्या संघटनेने विरोध केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ती फेटाळली गेली. विकायचेही नाही आणि वाचवूही द्यायचे नाही! धान्य कुजले तरी चालेल, पण गोदामाची किल्ली देणार नाही, असे म्हणणाऱ्या साठेबाजाला आपण ज्या न्यायाने तोलतो, त्याच न्यायाने हे तोलले पाहिजे.

आणि कळस पाहा. ज्या सोनीने एम्युलेटरविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, त्याच सोनीने डिसेंबर २०१८ मध्ये 'प्लेस्टेशन क्लासिक' नावाचे छोटे यंत्र बाजारात आणले. त्यात खेळ चालवणारा एम्युलेटर 'पी.सी.एस.एक्स. रीआर्म्ड' हा होता, म्हणजे स्वयंसेवकांनी लिहून जगाला मोकळा करून दिलेला. निन्टेन्डोचे २०१६ सालचे छोटे यंत्रही मुक्त अशा लिनक्सवर आणि ऑलविनरच्या स्वस्त चिपवर चालत होते. मुक्त सॉफ्टवेअरचा असा वापर परवान्यात बसतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोफत श्रमाचे फळ गोड लागत असेल, तर त्या श्रमिकांच्या विद्येकडे चोराची विद्या म्हणून बोट दाखवण्याचा अधिकार उरत नाही.

आणि आमचे तरुण मित्र

आता सर्वांत अवघड भाग, कारण तो आपल्याच माणसांशी आहे. तीन हजारांत दहा हजार खेळ हा समाजवाद आहे काय?

पहिली गोष्ट, दहा हजार हा आकडाच पोकळ आहे. त्यात एकाच खेळाची जपानी, अमेरिकी आणि युरोपीय आवृत्ती तीनदा मोजलेली असते, अर्धवट नकला असतात, उघडताच बंद पडणाऱ्या फायली असतात. महिनाभरात मुलांनी मनापासून खेळले ते खेळ डझनभर. विपुलतेचा हा देखावा मोबाइलच्या बाजारानेच शिकवला आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. या यंत्राची खरी किंमत ज्यात आहे ते सॉफ्टवेअर कारखान्याने लिहिलेले नाही. निकोला सालमोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने १९९७ साली नाण्यांच्या यंत्रांचे खेळ जतन करण्यासाठी 'मेम' हा प्रकल्प सुरू केला आणि तो आजही शेकडो हातांनी पुढे चालू आहे. असे कितीतरी प्रकल्प लोकांनी नोकरी सांभाळून, रात्री जागून उभे केले. त्यांतील 'स्नेस-नाइन-एक्स', 'जेनेसिस प्लस जी.एक्स.', 'फायनलबर्न निओ' यांच्या परवान्यात स्पष्ट लिहिले आहे की, व्यापारी उपयोग परवानगीवाचून करू नये. तरीही ते भरून यंत्रे सर्रास विकली जातात. लिनक्सच्या गाभ्याचा परवाना सांगतो की, बदल करून विकलात तर बदललेला मूळ मजकूर मागणाऱ्याला द्या. अशी यंत्रे करणारे कितीतरी कारखाने तो वेळेवर देत नाहीत, काही देतच नाहीत. परिणामी यंत्र जुने झाले की हौशी मंडळींना आंधळेपणाने चाचपडत ते चालते ठेवावे लागते.

तात्पर्य, आपल्यापुढे एक श्रीमंत चोर आणि एक गरिबांचा कैवारी असे दोन पक्ष उभे नाहीत. मोठे भांडवल सार्वजनिक ठेव्याला कुलूप घालते आणि छोटे भांडवल तो ठेवा उचलून विकते. दोघांच्याही हिशेबवहीत ज्याने ते निर्माण केले त्याचे नाव नाही. स्वस्ताई म्हणजे समता नव्हे. स्वस्त कापडामागे कोणाचे हात राबले हे विचारायला आपल्या चळवळीने गिरणगावात शिकवले. स्वस्त यंत्रापुढे आल्यावर तो प्रश्न विसरायचा काय?

राबणारे हात केवळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे नाहीत. बॅटरीतील कोबाल्ट बहुतांशी काँगोच्या खाणींतून येतो आणि तेथे हातांनी माती उपसणाऱ्यांत लहान मुले असल्याचे वारंवार उजेडात आले आहे. कोणी म्हणेल की, मग महाग नामांकित यंत्र घ्यावे. पण चीनमधील येंताई येथील आपल्या कारखान्यात १४ वर्षांची मुले उमेदवार म्हणून कामाला लावली गेल्याचे फॉक्सकॉनने २०१२ साली स्वतः कबूल केले, आणि फॉक्सकॉन ही नामांकितांसाठीच माल बनवणारी कंपनी आहे. जास्त पैसे मोजल्याने कामगाराला न्याय मिळतो, हा मध्यमवर्गीय मनाचा भाबडा दिलासा आहे. न्याय संघटनेने मिळतो. ग्राहक म्हणून आपल्या हाती एवढेच आहे की, वस्तू कमी घ्याव्यात, दुरुस्त करता येणाऱ्या घ्याव्यात आणि दीर्घकाळ वापराव्यात.

मग करावे काय?

मी कार्यकारिणीला जे लिहून दिले त्याचा सारांश असा.

यंत्रे घ्यावीत, पाच नव्हे, तीन. उघडता येणारी, सुटी बॅटरी मिळणारी आणि मानक ब्यूरोची नोंदणी असलेली तेवढीच घ्यावीत. सोबतचे कार्ड वापरू नये. त्यातील खेळांसह ते बाजूला ठेवून चांगले कोरे कार्ड घालावे आणि त्याची एक प्रत वाचनालयाच्या संगणकावर ठेवावी. त्या कार्डात मुक्त परवान्याचे खेळ भरावेत. ते आहेत, आणि चांगले आहेत: 'टोबू टोबू गर्ल', 'म्यू सिटी' यांसारखे गेमबॉयच्या जातीचे नवे खेळ त्यांच्या कर्त्यांनी मूळ मजकुरासह मोकळे केले आहेत. एम्युलेटरही ज्यांचा परवाना आपल्याला पाळता येईल असेच ठेवावेत. बाकी हवे असतील ते खेळ रीतसर घ्यावेत. वकील मित्रांना याहून अधिक काय हवे?

तरुण मित्र विचारतील, मग जुन्या गाजलेल्या खेळांचे काय? ते मुलांना कधीच मिळू नयेत? मिळाले पाहिजेत; पण गुपचूप कार्डातून नव्हे, हक्काने. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडील कृती जतनासाठी संगणकीय स्वरूपात साठवण्याची मुभा मिळाली. अट अशी की, ग्रंथालयाकडे त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत असली पाहिजे. म्हणजे कागदावरच्या पुस्तकाला संरक्षण आहे. जी कृती जन्मतःच अंकीय आहे, तिला ते नाही. खेळ सोडाच, आज केवळ संगणकावर जन्मणारे मराठी वाङ्मयही त्या अटीने वाऱ्यावर सोडले आहे. ही अट काढून टाकण्याची मागणी आपण केली पाहिजे. आणि जी कृती हक्कदार अनेक वर्षे विकतच नाही, ती ग्रंथालयाला सभासदांपुरती खुली करता यावी, हीही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि त्याखाली उभे राहिलेले वाचनालयांचे जाळे खेडोपाडी पोचले आहे. ही मागणी करण्याचा नैतिक अधिकार त्या जाळ्याइतका दुसऱ्या कोणाला आहे?

आणि अखेरची शिफारस, जी मला सर्वांत मोलाची वाटते. मुलांना केवळ खेळू देऊ नये, त्यांच्याकडून खेळ करवून घ्यावेत. 'जीबी स्टुडिओ' हे २०१९ पासून फुकट मिळणारे मुक्त साधन जुन्या संगणकावरही चालते आणि त्याने बनवलेला खेळ याच यंत्रावर खेळता येतो. आम्ही तसा प्रयत्न केला. पहिल्याच दिवशी अडचण आली ती अक्षरांची. गेमबॉयचे चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या फरश्यांनी बनते. रोमन अक्षर एका फरशीत मावते. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मध्ये शिरोरेखा, खाली उकार. आठ ठिपक्यांत 'कि' आणि 'कु' दोन्ही वाचनीय करणे अशक्य. मुलांनी चौकटीच्या वहीवर हिशेब केला. एकावर एक दोन फरश्या घेतल्या तर अक्षर सोळा ठिपके उंच होते आणि पडद्यावर वीस रकाने व नऊ ओळी उरतात. तीन दुपारी खपून त्यांनी 'पाणी आले' ही दोन अक्षरशः खोदून काढलेली अक्षरमाला पडद्यावर उमटवली. खेळ सोपा आहे: नळाला पाणी येण्याची वेळ, रांग, हंडे, आणि मधून घुसणारा दादा. तो अजून पुरा झालेला नाही. पण कार्ड बिघडल्यावर रुसून बसलेली ती मुलगीच आता त्याची मुख्य कारागीर आहे, आणि शेवटी सर्वांची नावे येणार, खरी आणि पूर्ण, हे तिने सर्वांत आधी ठरवून टाकले आहे.

सोंगट्या, सागरगोटे, मोक्षपट यांवर कोणाची मालकी नव्हती. ज्याला जमेल त्याने पट आखावा, ज्याला सुचेल त्याने नियम बदलावा, अशी ती रीत होती. विसाव्या शतकात खेळ कारखान्यात गेला आणि त्याच्यावर कुलूप पडले. तीन हजारांच्या यंत्राने ते कुलूप उघडत नाही. त्याची किल्ली कायदा बदलण्यात आणि निर्मितीची साधने मुलांच्या हाती देण्यात आहे. यंत्राची किंमत, पडद्याचे ठिपके, बॅटरीचे तास हे सारे जरूर पाहावे. पण आपल्या संस्थेने कोणतीही वस्तू घेताना त्यापुढे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत: ही कोणी घडवली, ही कोणाला उघडता येते, आणि ही घेतल्यावर आपले मूल केवळ गिऱ्हाईक राहते की कर्ते होते?

कार्यकारिणीची बैठक पुढील रविवारी आहे. ज्येष्ठ साथी, वकील मित्र आणि तरुण मंडळी, तिघांनीही यावे. मुले आपला अपुरा खेळ दाखवणार आहेत.